जुना लुडविग स्नेअर सुरात टिकत नाही? आधी उलटा करून बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. स्नेअर, म्हणजे खालच्या अंगाला तारा असलेला ड्रम, व्यवस्थित सुरात लावला, दोन गाणी वाजवली की आवाज बसतो. चावी काढून पुन्हा लावायचा, की पुन्हा दोन गाणी. शिवाय काठी लागलेली नसतानाही कुठून तरी चर्र चर्र चालू असते ती वेगळीच. तोवर मालकाने वरचे हेड, म्हणजे पुडी, एकदोनदा बदललेले असते आणि आता त्याला ‘ओरिजिनल पार्ट’ हवे असतात, कारण जुन्या ड्रमला जुनेच पार्ट लागतात असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते.

काही लागतात, सगळे नाही. आणि जो पार्ट शोधायला माणूस निघतो तो बऱ्याचदा बिघडलेला नसतोच. दोष खालच्या बाजूला असतो आणि खालची बाजू कोणी बघत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी ड्रम स्टँडवरून काढा, उलटा करून टेबलावर ठेवा आणि मग पुढचे वाचा.

इथे लिहितो आहे ते लुडविगच्या सुप्राफोनिकबद्दल. साठ-सत्तरच्या दशकांतला जुना अमेरिकन स्नेअर आपल्याकडे कोणाच्या माळ्यावरून निघाला तर तो हा असण्याची शक्यता बरीच असते. वांद्रे, माझगाव, मडगाव इकडच्या जुन्या वादकांच्या घरांतून असे ड्रम निघतात आणि नातवाच्या हाती येतात. इतर कंपन्यांच्या ड्रमलाही यातले बरेचसे लागू पडेल, पण मापे पडतीलच असे नाही.

आधी ड्रम ओळखा

सुप्राफोनिक म्हणजे १४ इंच व्यासाचा, धातूच्या शेलचा (अंगाचा), १० लगचा स्नेअर. लग म्हणजे हेड ताणणारे रॉड ज्यांत बसतात ते शेलवरचे तुकडे. ५ इंच खोलीचा तो एलएम ४००, साडेसहा इंचांचा तो एलएम ४०२. लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम वाजवायचा तो हा दुसरा. शेल बिनजोडाचा, अ‍ॅल्युमिनियमचा, मधोमध उठावाची पट्टी आणि वर क्रोम. अगदी सुरुवातीचे पितळी शेलचे निघाले. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा शेलसाठी निरुपयोगी. हातात घेतल्यावर मात्र कळते, कारण पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट जड. रिमला, म्हणजे हेड दाबून धरणाऱ्या कड्याला, चुंबक लावून बघाच: जुन्या रिम पितळेच्या, नंतरच्या पोलादी. चिकटला तर पोलाद, म्हणजे गंजाची काळजी तुम्हाला जास्त.

बिल्ला कमानीच्या माथ्यावरच्या दगडासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर ड्रम साधारण १९६९ पर्यंतचा. निळा आणि ऑलिव्ह रंगाचा असेल तर त्यानंतरचा. बिल्ल्यावरच्या क्रमांकावरून नेमके वर्ष सांगणारे लोक भेटतील. त्यांचे ऐका आणि सोडून द्या. बिल्ल्यांचे डबे कारखान्यात क्रमाने रिकामे झाले असतील असे मानायला काही आधार नाही, आणि बिल्ला बदलता येतो.

विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये शिकागोत धंदा सुरू केला. मधल्या काळात घराण्याचे नाव दुसऱ्या कंपनीकडे गेले, ते १९५५ मध्ये परत मिळाले. १९८१ मध्ये सेल्मरने कंपनी घेतली आणि पुढे काम नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रोला हलले. हा इतिहास पार्ट शोधणाऱ्याच्या कामाचा आहे, कारण कंपनी कधी पूर्ण बंद पडली नाही. सुप्राफोनिक आजही बनतो आणि त्यावरचे इम्पीरियल लगही. स्लिंगरलँडसारख्या दुसऱ्या जुन्या अमेरिकन कंपनीच्या ड्रमच्या मालकाला हे सुख नाही. शिवाय ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात वाजले, रिंगोच्या बास ड्रमवर लुडविगचे नाव साऱ्या अमेरिकेला दिसले आणि मागणी अशी वाढली की त्या वर्षांतले ड्रम आजही भरपूर सापडतात. रिंगोचा स्वतःचा स्नेअर मात्र सुप्राफोनिक नव्हता, लाकडी शेलचा जाझ फेस्टिव्हल होता. ‘रिंगोवाला’ म्हणून सुप्राफोनिकची किंमत चढवणाऱ्याला एवढे सांगितले तरी भाव जरा खाली येतो.

चर्र कुठून येते

स्ट्रेनरचा, म्हणजे तारा आवळण्या-सोडण्याच्या खटक्याचा, लिव्हर खाली करून वाजवा. तारा सुटल्यावर आवाज थांबला तर दोष तारांचा किंवा खालच्या हेडचा, तो पुढे बघू. तारा सुटूनही खुळखुळ किंवा झिणझिण राहिली तर ती लोखंडी सामानाची आहे. तारा पूर्ण काढून ठेवा, एका हाताने हेडच्या मध्यावर हलके ठोकत राहा आणि दुसऱ्या हाताचे बोट एकेका भागावर दाबा: प्रत्येक लग, बिल्ला, स्ट्रेनर, तारांचे दुसरे टोक धरणारी समोरची बट प्लेट, आतल्या मफलरचा नॉब. बोट ठेवल्यावर जिथे आवाज थांबेल तिथे चोर.

पहिला संशयित मफलर. त्या काळच्या ड्रममध्ये शेलच्या आत फेल्टची गादी असलेला एक हात असतो, बाहेरचा नॉब फिरवला की गादी हेडला टेकते. पन्नास वर्षांनी फेल्ट झडलेला असतो आणि उरलेला पत्रा आत नाचत असतो. तुम्ही तो वापरणार नसाल, आणि आज कोणी फारसे वापरत नाही, तर सोडवून डब्यात ठेवा. भोक दिसायला नको असेल तर आतली गादी काढून फक्त नॉब जागेवर ठेवता येतो. नवीन फेल्ट बसवायचा असेल तर हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे चांगला दाट फेल्ट असतोच आणि तुकड्याचे पैसे तो बहुधा घेतही नाही.

दुसरा संशयित लगच्या आतली स्प्रिंग. इम्पीरियल लगच्या पोटात रॉड ज्यात फिरतो तो स्विव्हल नट असतो आणि त्याला जागेवर धरायला स्प्रिंग. स्प्रिंग सैल पडली की प्रत्येक फटक्याला गुणगुणते. लग सोडवून स्प्रिंगमध्ये फेल्टची पातळ गुंडाळी सरकवा. कापूस भरू नका. कोकणात, गोव्यात, मुंबईत कापूस पावसाळाभर ओल धरून ठेवतो आणि पुढच्या वर्षी लग आतून गंजलेला मिळतो. फोमचेही तेच, तो काही वर्षांत चिकट भुगा होतो. लग परत बसवताना स्क्रू ‘घट्ट’ या शब्दाला जागून आवळू नका. लग ओतीव जस्ताचा आहे, जास्त जोर लावला तर तडकतो आणि मग खरोखरच नवीन लग शोधावा लागतो.

आवाज बसतो तेव्हा

वाजवताना रिम आवळणारा एखादा रॉड उलटा फिरत सुटतो. बहुतेक वेळा तुमच्या रिमशॉटच्या बाजूचे एकदोन. उजव्या हाताने काठी मारणाऱ्याचे ठरावीक रॉडच सैल पडताना दिसतील. त्यात ड्रमचा दोष नाही. काठी रिमवर बसते त्या क्षणी रिम दबते, रॉडवरचा ताण क्षणभर जातो आणि तेवढ्यात तो जरासा फिरतो. दोन गाण्यांत हे शंभर-दीडशे वेळा झाले की ऐकू येते.

पण आधी बघा की आटे ठीक आहेत का. सगळे रॉड काढा, रॉकेलमध्ये किंवा डब्ल्यूडी-४० मारून भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडे करा. मग एकेक रॉड नुसत्या बोटांनी त्याच्या नटमध्ये फिरवा. शेवटपर्यंत सरळ जायला हवा. मध्येच अडतो तो वाकलेला. काचेवर ठेवून लोळवला की वाक दिसतोच. आत गेल्यावर डुगडुगतो त्याचे आटे झिजलेले, किंवा कोणीतरी भलताच रॉड बसवलेला.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार दिसते आणि माझ्या मते अशा ड्रमच्या निम्म्या दुखण्यांचे मूळ इथे आहे. लुडविगच्या रॉडचे आटे १२-२४ मापाचे असतात, म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे ५.५ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते एम५ आणि एम६. एम६ आत जात नाही. एम५ जातो, आणि तिथेच फसवणूक होते. ५ मिलिमीटरचा स्क्रू साडेपाचच्या नटमध्ये दोनतीन आटे कसाबसा पकडतो. थोडा ताण घेतो, वाजवताना सरकतो आणि जाताना नटचे पितळी आटे खाऊन जातो. अशा ड्रमवर दहा रॉडपैकी आठ लुडविगचे आणि दोन ‘मिळतेजुळते’ असतात. मालकाला वाटते हेड खराब आहे.

व्हर्नियर नसेल तर सोपी युक्ती: चांगला समजलेला रॉड आणि संशयित रॉड एकमेकांना चिकटवून उजेडासमोर धरा. आटे एकमेकांत बिनफटीचे बसले तर पिच, म्हणजे आट्यांमधले अंतर, एकच. उजेड दिसला तर नाही. यावर आणखी एक दिलासा असा की पर्ल, टामा यांसारख्या कंपन्यांच्या बहुतेक ड्रमनाही १२-२४ चेच रॉड असतात. म्हणजे वाद्यांच्या दुकानात मिळणारा साधा टेन्शन रॉड चालतो, फक्त लांबी जुळवून घ्यायची. डोक्याच्या खालपासून टोकापर्यंत मोजा. डोके धरून मोजू नका. डीडब्ल्यूचे रॉड मात्र बारीक आट्यांचे, ते इथे बसत नाहीत. मेरठच्या जाली कोठीत बनणाऱ्या बँडच्या साईड ड्रमचा रॉड कोणी हातात दिला तर तोही आधी उजेडासमोर धरा.

नटचे आटे गेले असतील तर पूर्ण लग बदलायची गरज नाही. लग सोडवून आतला स्विव्हल नट तेवढा बदला. लेथवाल्याकडून टॅप मारून मोठे आटे पाडून घ्यायचा मोह टाळा, कारण मग तो एक रॉड आयुष्यभर वेगळा राहील आणि पुढच्या माणसाला काही कळणार नाही.

आटे स्वच्छ, रॉड बरोबर आणि तरी तो एकच रॉड सुटतो? नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा, आट्यांच्या दिशेने. पाच-दहा रुपयांचा उपाय आहे आणि काढताही येतो. रॉडच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घातला तरी बराच फरक पडतो. आटे चिकटवून टाकणारा थ्रेड-लॉकर लावणारे लोक मी पाहिले आहेत. तो ड्रम नंतर उघडायला लागणाऱ्याची मला कीव येते.

रिम आणि कडा

एका रॉडला शेजारच्यापेक्षा दोन फेरे जास्त दिल्याशिवाय सूर जुळत नसेल तर कानाला दोष देऊ नका. रिम काढून ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवा आणि कडेकडेने बोटाने दाबत जा. टकटक वाजली तर रिम वाकलेली आहे. थोडा वाक हाताने सरळ होतो, पण पुरता कधीच नाही. वाकलेली रिम हा नवीन पार्ट विकत घेण्याचा रास्त प्रसंग आहे.

घेताना दोन गोष्टी पाहा. एक, १० भोकांचीच हवी. लुडविगचाच अ‍ॅक्रोलाइट नावाचा विद्यार्थ्यांसाठीचा स्नेअर अ‍ॅल्युमिनियमचा आणि १४ इंचीच, पण ८ लगचा. स्वस्तात मिळाला म्हणून त्याची रिम घेतली तर ती भिंतीवर टांगावी लागेल. दोन, जाडी. जुन्या रिम साधारण १.६ मिलिमीटर पत्र्याच्या, आजच्या बऱ्याच २.३ च्या. जाड रिम सूर घट्ट धरते, पण सुप्राफोनिकचा जो मोकळा, थोडा रानटी रिमशॉट असतो तो आवळला जातो. स्टुडिओत सतत एकच आवाज हवा असणाऱ्याने जाड घ्यावी. बाकीच्यांनी पातळच शोधावी. आणि खालच्या रिमला तारांची पट्टी जायला दोन खाचा असतात, ऑर्डर देताना ‘खालची’ असे स्पष्ट सांगा.

शेलची कडाही त्याच ग्रॅनाइटवर तपासा. अंधाऱ्या खोलीत शेल ओट्यावर ठेवून आत टॉर्च लावा आणि बाहेरून बघा. खालच्या बाजूला समोरासमोर दोन ठिकाणी उजेड झिरपेल. तो दोष नाही. तिथे कडा मुद्दाम खाली दाबलेली आहे, तारा हेडला सपाट बसाव्यात म्हणून. कोणी ती ‘घासून सरळ करतो’ म्हणाला तर ड्रम उचलून घरी या.

खालचे हेड

आता मुख्य गोष्ट. वरचे हेड लोक हौसेने बदलतात. खालचे हेड माळ्यावरून आले तसेच असते, कधीकधी गेल्या पिढीतले. ते फाटत नाही, त्याला काठी लागत नाही, म्हणून ते ठीक आहे असा समज. पण खालचे हेड फार पातळ असते. रेमोचे नेहमीचे खालचे हेड ३ मिलचे आणि वरचे अ‍ॅम्बॅसडर १० मिलचे. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा ३ मिल म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. वर्षानुवर्षे ताणलेले आणि तारांनी घासलेले एवढे पातळ प्लास्टिक लवचिकपणा गमावून बसते. मग तुम्ही वरून कितीही सूर लावा, खालून उत्तर येत नाही. ड्रम ‘घुसमटल्यासारखा’ वाजतो, तारा हलक्या फटक्याला बोलत नाहीत, म्हणून तारा आणखी आवळल्या जातात आणि आवाज आणखी घुसमटतो.

घेताना ‘स्नेअर साइड’ असे लिहिलेलेच घ्या. वरचे हेड खाली लावलेले स्नेअर मी पाहिले आहेत. दिसायला ड्रम, वाजायला पत्र्याचा डबा. रेमोचे अ‍ॅम्बॅसडर स्नेअर किंवा इव्हान्सचे हेझी ३००, दोन्ही ३ मिलची, दोन्ही मुंबई-पुण्यात मिळतात. इथे ‘व्हिंटेज’ शोधण्यात काही अर्थ नाही. हेड, तारा, वॉशर, स्प्रिंग, तारांची पट्टी या झिजायच्याच वस्तू आहेत, त्या नव्याच घ्या.

सूर लावताना

तबला लावलेला असेल त्याला हे लवकर कळेल: सगळी घरे एका सुरात आल्याशिवाय तबला बोलत नाही, आणि एक घर ठोकले की समोरचे बिघडते. स्नेअरचेही तसेच, फक्त इथे दोन पुड्या आहेत आणि मध्ये कोंडलेली हवा आहे. एकीचा ताण बदलला की दुसरीचा सूर हलतो. म्हणून एका वेळी एकच बाजू, दुसरी बाजू टॉवेलवर टेकवून गप्प करायची.

तबल्याशी साम्य इथेच संपते. तबल्याच्या शाईमुळे त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिले होते. साध्या प्लास्टिकच्या हेडला शाई नाही. त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे आडमुठे असतात. कडेला ठोकल्यावर आपल्याला प्रामुख्याने तो १.५९ पटीचा स्वर ऐकू येतो. ताण सगळीकडे सारखा नसेल तर या एका स्वराचे दोन जवळजवळचे स्वर होतात आणि ‘वांव वांव’ अशी लाट ऐकू येते. ती लाट म्हणजेच ‘सुरात नाही’. कोणता स्वर लागला यापेक्षा ती लाट गेली की नाही हे महत्त्वाचे.

खालून सुरुवात करा. तारा काढलेल्या, कडा स्वच्छ पुसलेली. हेड शेलवर ठेवून फिरवून बघा, अडखळता कामा नये. रिम ठेवा, दहाही रॉड बोटांनी टेकेपर्यंत आवळा. मग चावीने अर्धा अर्धा फेरा, समोरासमोरच्या जोड्यांनी. दहा लगचा क्रम असा: १, ६, ३, ८, ५, १०, ७, २, ९, ४. हेडवरच्या सुरकुत्या गेल्या की मध्यावर बोट अलगद टेकवून प्रत्येक रॉडपासून इंचभर आत टिचकी मारा. जो खाली असेल तो वर आणा. वर गेलेल्याला नुसते सैल करू नका. आधी चांगला खाली उतरवा आणि मग हव्या सुरापर्यंत वर आणा. उतरत्या दिशेने लावलेला रॉड ताण धरत नाही. चावीला किती जोर लागतो यावर विसंबू नका. मळलेला रॉड आधीच घट्ट लागतो आणि स्वच्छ रॉड शेवटपर्यंत हलका.

खालच्या हेडची कडेची टिचकी मी साधारण पांढरी पाचला, म्हणजे ३९० हर्ट्झच्या आसपास ठेवतो. वरची पांढरी तीन, ३३० च्या जवळपास. मोबाइलवरच्या ट्यूनरवर हे मोजता येते. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. जाझवाला वरचे हेड आणखी चढवेल, रॉकवाला उतरवेल. खालचे मात्र वरच्यापेक्षा चढे असू द्या. नवीन हेड लावल्यावर रात्रभर ताणात ठेवा आणि सकाळी पुन्हा लावा. पहिल्या दिवशी सूर उतरला तर ते हेड बसते आहे, ड्रम बिघडलेला नाही.

तारा आणि स्ट्रेनर

तारांच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या कडेपासून सारख्या अंतरावर याव्यात. एकीकडे रिमला टेकलेल्या आणि दुसरीकडे बोटभर आत, असे असेल तर तारा कधीच शांत बसणार नाहीत. एकही तार वाकलेली किंवा ताणलेली असेल तर तीच चर्रचर्र करते. ती मुळापासून कापून टाका, बाकीच्या चालतील. तारा बांधायला दोरीपेक्षा प्लास्टिकची पट्टी बरी. विकत मिळते, पण जुन्या एक्स-रेची फिल्म कात्रीने कापली तरी तितकीच चांगली. ती पॉलिएस्टरची असते, ताणत नाही आणि घरात कुठेतरी असतेच.

पट्टी आवळताना स्ट्रेनर चालू स्थितीत आणि नॉब मध्यावर ठेवा, म्हणजे नंतर दोन्हीकडे वाव राहतो. मग अगदी हलक्या टिचकीला तारा बोलतील इतकेच आवळा. त्याहून पुढे प्रत्येक फेऱ्यागणिक तुम्ही ड्रमचा आवाज कमी करत असता.

साठच्या दशकातल्या सुप्राफोनिकवर बहुधा पी-८३ स्ट्रेनर असतो, नंतरच्यांवर पी-८५. दोन्हींचा सामान्य आजार असा की कंपनाने नॉब आपोआप फिरतो आणि तारा सैल पडत जातात. ‘दोन गाण्यांनी आवाज बसतो’ या तक्रारीचे कारण कधीकधी एवढेच असते. रॉड जागच्या जागी, हेड सुरात, फक्त नॉब फिरलेला. नॉबवर आणि शेजारी पेन्सिलची एकेक खूण करा, दोन गाणी वाजवा, मग बघा. खुणा सरकल्या तर नॉबच्या आट्यांवर तीच टेफ्लॉन टेप, किंवा नॉबखाली रबराचा छोटा वॉशर.

लिव्हरच आपोआप पडत असेल तर आधी त्याच्या बिजागरीचा स्क्रू तपासा. धातू झिजला असेल तरच बदला. पी-८५ आजही नवीन मिळतो. ऑर्डर देण्याआधी शेलवरच्या दोन भोकांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि विकणाऱ्याला तेच विचारा. मॉडेलच्या नावावर भागवू नका. भोके जुळत नाहीत म्हणून शेलला नवीन भोक पाडण्याचा विचार मनात आला तर ड्रिल शेजाऱ्याकडे ठेवायला द्या. भोक पाडलेल्या सुप्राफोनिकची किंमत तिथल्या तिथे उतरते. जुना स्ट्रेनर मोडका असला तरी पिशवीत घालून ड्रमच्या केसमध्येच ठेवा.

पार्ट कुठून आणायचे

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात लुडविगचा रॉड मिळाल्याच्या गोष्टी ऐकायला छान असतात. तिथे फिरायला जरूर जा, पण यादी घेऊन जाऊ नका. रॉड, वॉशर, हेड, तारा हे वाद्यांच्या चांगल्या दुकानांत मिळते, धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या. लग, स्विव्हल नट, बट प्लेट, स्ट्रेनर यांसाठी बाहेरून मागवावे लागते. रीव्हर्ब आणि ईबे या दोन वेबसाइटवर अमेरिकेतले लोक मोडके ड्रम सुटे करून विकतात. एक नट मागवला तर टपाल आणि कस्टम ड्युटी मिळून नटच्या कितीतरी पट होते, तेव्हा संपूर्ण ड्रम उघडून, सगळ्याची यादी करून एकदाच मागवा. भाचा-पुतण्या अमेरिकेहून येणार असेल तर त्याच्या पत्त्यावर पाठवा. दोन स्ट्रेनर आणि मूठभर नट कोणाच्याही बॅगेत मावतात. विक्रेत्याकडून फोटो मागवा, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले. मोजपट्टीचा फोटो द्यायला कंटाळणाऱ्याकडून घेऊ नका.

क्रोमचे फोड आणि पापुद्रे हा सुप्राफोनिकचा जन्मजात रोग. अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही आणि समुद्राकाठी तर नाहीच. त्याचा आवाजाशी संबंध नाही. ओल्या फडक्याने पुसा, कोरडा करा, पातळ कारचे मेण लावा, बस. ब्रासोने किंवा स्टीलच्या काथ्याने घासाल तर पापुद्रे हातात येतील. पुन्हा प्लेटिंग करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पोलादी रिमवरचा गंज मात्र निघतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला की बराच जातो.

एवढे करूनही तारा वाजतात

बँडमध्ये टॉम, म्हणजे शेजारचा बिनतारांचा ड्रम, वाजला की स्नेअरच्या तारा चर्र करतात, एकटा वाजवला की नाही. याला दुरुस्ती नाही. टॉमचा सूर आणि स्नेअरचा सूर जवळ आले की हवेतूनच तारा हलतात. तारांच्या दोन्ही टोकांशेजारचे चार रॉड सैल करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. चर्र कमी होते हे खरे, पण इतक्या मेहनतीने लावलेल्या खालच्या हेडचा सूरही जातो. त्याऐवजी तो टॉम थोडा चढवा किंवा उतरवा. पाव फेरा पुष्कळ होतो. बास गिटारने वाजत असतील तर अँप्लिफायर ड्रमपासून दूर सरकवा, आणि संथ गाण्यात जिथे स्नेअर नाही तिथे लिव्हर खाली करा.

थोडी चर्र राहतेच. प्रेक्षकांत बसणाऱ्याला ती ऐकू येत नाही. तुमच्या गुडघ्यापाशी ड्रम आहे म्हणून तुम्हाला येते.